काळ्या पहाडाचा माग

राळेगाव हे यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. भोवतालचा मुलूख काळ्या मातीचा आणि कापसाचा. दिवाळीच्या सुमारास शेते पांढरी दिसू लागतात आणि वेचणीची धांदल उडते. दिवसभराचे काम आटोपले, की संध्याकाळी घरोघरी गप्पा रंगतात. समजा, अशाच एका संध्याकाळी राळेगावातील एक आजोबा आपल्या नातवाला सांगत आहेत, "आमच्या लहानपणी काळ्या पहाडाचे पुस्तक हाती लागले, की आम्हांला तहानभुकेची शुद्ध राहत नसे. एका पुस्तकासाठी दहा मुले टपून बसलेली असत."

"आजोबा, हा काळा पहाड कोण? ती पुस्तके कोणी लिहिली? आणि आता ती कोठे आहेत?" नातू विचारतो.

आजोबांना नायक आठवतो, त्याची धाडसे आठवतात. परंतु लेखकाचे नाव काही केल्या ओठांवर येत नाही. घरात तर त्यांपैकी एकही पुस्तक उरलेले नाही. "कोणास ठाऊक!" असे म्हणून आजोबा गप्प होतात.

नातवाने विचारलेल्या तीन प्रश्नांची उत्तरे मिळवणे अशक्य नाही. त्यासाठी ग्रंथालयाचा उपयोग कसा करावा, हे मात्र शिकून घ्यावे लागते. पुस्तक वाचण्यासाठी ग्रंथालयात जाणे निराळे आणि पुस्तकाविषयी शोध घेण्यासाठी जाणे निराळे. पहिल्या वेळी मनुष्य वाचक असतो; दुसऱ्या वेळी तो स्वतःच एक गुप्तहेर बनतो.

हा नातू दुसऱ्या दिवशी गावातील वाचनालयात जाऊन ग्रंथपालांना म्हणाला, "मला सगळ्या रहस्यकथा दाखवा," तर काय होईल? ग्रंथपाल त्याला कादंबऱ्यांच्या कपाटापाशी नेऊन उभे करतील. त्या कपाटात सामाजिक कादंबरीच्या शेजारी ऐतिहासिक कादंबरी आणि तिच्या शेजारी भुताखेतांची कथा अशी सारी पुस्तके दाटीवाटीने उभी असतील. रहस्यकथांचा वेगळा कप्पा बहुधा आढळणार नाही. असे का व्हावे?

ह्याचे कारण ग्रंथांच्या वर्गीकरणात आहे. मेल्व्हिल ड्यूई ह्या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली दशांश वर्गीकरणाची पद्धती प्रसिद्ध केली. तिच्यात सर्व ज्ञानाचे दहा मोठे भाग पाडून प्रत्येक भागाला अंक दिलेले आहेत. साहित्याचा भाग ८०० पासून सुरू होतो. त्यात मराठी साहित्याचा अंक ८९१.४६ आणि मराठी कथा-कादंबऱ्यांचा अंक ८९१.४६३ असा आहे. म्हणजे चोर पकडणारा हेर असो, चंद्रावर जाणारा शास्त्रज्ञ असो, की गड चढणारा मावळा असो, ही सर्व मंडळी ह्या पद्धतीत एकाच अंकाखाली येतात. पुढे त्यांची मांडणी होते ती लेखकाच्या नावाने. लहान वाचनालयांत असे अंक न घालता 'कादंबरी', 'कथा', 'नाटक', 'चरित्र' एवढेच विभाग करण्याचीही रीत आहे. तेथेही अडचण तीच. पुस्तक कोणत्या जातीचे आहे, हे कपाट सांगत नाही. ते कोणाचे आहे, एवढेच सांगते.

म्हणून शोधाची पहिली पायरी म्हणजे लेखकाचे नाव मिळवणे. त्यासाठी संदर्भग्रंथांकडे वळावे लागते. विश्वकोश, चरित्रकोश आणि वाङ्मयाचे इतिहास हे ग्रंथ सहसा घरी नेता येत नाहीत. ते संदर्भ विभागात बसून पाहावयाचे असतात. परंतु येथेही सावध राहिले पाहिजे. 'काळा पहाड' हे नाव इतिहासाच्या पुस्तकात शोधू लागल्यास सोळाव्या शतकातील एक सेनानी सापडेल. बंगालचा सुलतान सुलेमान करराणी ह्याच्या पदरी असलेल्या ह्या काळा पहाडाने १५६८ च्या सुमारास ओरिसावर स्वारी केली होती. आजोबा ज्याच्यासाठी जेवण विसरत, तो हा खास नव्हे. नाव जुळले म्हणजे माणूस जुळला, असे होत नाही. काळ, स्थळ आणि विषय ह्या तिन्ही गोष्टी ताडून पाहिल्याखेरीज कोणतेही उत्तर पक्के मानू नये.

मग आपला काळा पहाड सापडतो तो मराठी रहस्यकथांच्या माहितीत. त्याचे जनक बाबूराव अर्नाळकर. धनंजय, झुंजार आणि काळा पहाड ह्या त्यांच्या नायकांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर मराठी वाचकांना अक्षरशः वेड लावले होते. नातवाच्या पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर येथे मिळते. परंतु त्याबरोबरच एक नवे कोडेही पुढे येते. 'बाबूराव अर्नाळकर' हे लेखकाचे खरे नाव नव्हतेच. त्यांचे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. त्यांचा जन्म १९०६ साली झाला आणि १९९६ साली ते निवर्तले.

टोपणनावाने लिहिण्याची चाल मराठीत जुनी आहे. अद्भुतरम्य आणि ऐतिहासिक कादंबऱ्यांमुळे घरोघरी पोहोचलेले नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे. विज्ञानकथेच्या क्षेत्रातील एक हकीकत तर मोठी गमतीची आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. त्या कथेला पहिले बक्षीस मिळाले आणि मग उलगडा झाला, की हे जगताप म्हणजे प्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णु नारळीकर! आपल्या नावाची आद्याक्षरे उलट क्रमाने लावून त्यांनी हे नाव तयार केले होते. परीक्षकांनी आपले नाव पाहून नव्हे, तर कथा पाहून निर्णय द्यावा, हा त्यामागील हेतू.

एका लेखकाची अशी दोन नावे असली, तर वाचकाची फसगत होऊ नये म्हणून ग्रंथालयाने एक युक्ती योजलेली असते. ग्रंथालयातील पुस्तकांच्या यादीला तालिका म्हणतात. पूर्वी ही तालिका लाकडी खणांतील लहान लहान पत्रांवर लिहिलेली असे. आता बहुतेक मोठ्या ग्रंथालयांत ती संगणकावर असते. प्रत्येक पुस्तकाची नोंद लेखकाच्या नावाने आणि पुस्तकाच्या नावाने, तसेच जमेल तेथे विषयाच्या नावाने केलेली असते. चांगल्या तालिकेत 'चव्हाण, चंद्रकांत सखाराम' हे नाव काढले, तर तेथे 'पहा: अर्नाळकर, बाबूराव' अशी सूचना मिळते. हा 'पहा' शब्द वाटाड्यासारखा आहे. चुकलेल्या वाटसरूला तो योग्य रस्त्यावर आणून सोडतो.

आता पुढची पायरी. अर्नाळकरांनी एकंदर पुस्तके लिहिली तरी किती? ह्या प्रश्नाचे उत्तर देताना बहुतेक लेखक 'एक हजाराहून अधिक' असे म्हणतात. परंतु नेमका आकडा पाहू गेल्यास तो प्रत्येक ठिकाणी सारखा आढळत नाही. एवढ्या प्रसिद्ध लेखकाच्या पुस्तकांची मोजदाद अवघड का व्हावी, हे समजून घेण्यासारखे आहे. रहस्यकथांची पुस्तके आकाराने लहान, किमतीने स्वस्त आणि संख्येने अफाट. कधी एखादे पुस्तक पुन्हा छापले जाते आणि मोजणारा ते दोनदा मोजतो. कधी दोन कथा एका बांधणीत येतात आणि मोजणारा त्यांना एकच समजतो. जाहिरातीत नाव झळकलेले पुस्तक प्रत्यक्षात निघालेच नाही, असेही घडू शकते. म्हणून ऐकीव आकड्यावर विसंबून न राहता पुस्तक स्वतः पाहून नोंद करणे, हाच खरा उपाय होय.

मराठीत हे काम किती निष्ठेने झाले आहे, ह्याचे उत्तम उदाहरण म्हणजे शंकर गणेश दाते ह्यांची 'मराठी ग्रंथसूची'. तिच्या पहिल्या भागात १८०० ते १९३७ आणि दुसऱ्या भागात १९३८ ते १९५० ह्या काळातील मराठी पुस्तकांची विषयवार नोंद आहे. वर्षानुवर्षे खपून दात्यांनी ती सिद्ध केली. कादंबरी मोठी की लहान, गाजलेली की विसरलेली, असा भेद सूचीकार करीत नाही. छापले गेलेले प्रत्येक पुस्तक त्याच्या लेखी नोंदीला पात्र असते. म्हणूनच ज्या पुस्तकांना वाङ्मयाच्या इतिहासात एक ओळही मिळाली नाही, त्यांचा पत्ता अशा सूचीत लागू शकतो. मात्र प्रत्येक साधनाची मर्यादा जाणली पाहिजे. ही सूची १९५० पाशी थांबते. त्यानंतरही अर्नाळकरांचे लेखन चालूच होते. तेव्हा पुढच्या काळासाठी दुसरी साधने हुडकावी लागतात.

सूचीत केवळ नावे असतात असे वाटेल. पण ती नावे कालक्रमाने लावली, की त्यांतून इतिहास बोलू लागतो. रहस्य आणि अद्भुत ह्यांची आवड मराठी वाचकाला अर्नाळकरांच्या काळातच अचानक लागली काय? मुळीच नाही. लक्ष्मण मोरेश्वर हळबे ह्यांची 'मुक्तामाला' १८६१ साली आणि नारो सदाशिव रिसबूड ह्यांची 'मंजुघोषा' १८६८ साली प्रसिद्ध झाली. नायक-नायिकांवर संकटे कोसळावीत, योगायोगाने ती दूर व्हावीत आणि अखेर सारे गोड व्हावे, अशी ह्या कादंबऱ्यांची तऱ्हा होती. पुढे गो. ना. दातार ह्यांनी रेनॉल्ड्स ह्या इंग्रज कादंबरीकाराच्या आधाराने गूढ आणि अद्भुत घटनांनी भरलेल्या कादंबऱ्या मराठीत आणल्या. त्यानंतर काळा पहाड आणि झुंजार अवतरले. नदीला वाटेत ओढे मिळत जावेत, त्याप्रमाणे ह्या कथाप्रकाराला निरनिराळे प्रवाह मिळत गेले.

विज्ञानकथेचा मागही असाच काढता येतो. परंतु तो काढताना केवळ पुस्तके पाहून भागत नाही. जुन्या मासिकांची पाने उलटावी लागतात. कारण पुष्कळ कथा-कादंबऱ्या आधी मासिकांतून प्रसिद्ध होत आणि काही तर पुस्तकरूप धारण न करताच तेथे पडून राहत. रामचंद्र भिकाजी गुंजीकर ह्यांची 'मोचनगड' ही मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी १८७१ साली पुस्तकरूपाने आली. तत्पूर्वी ती 'विविधज्ञानविस्तार' मासिकातून वाचकांना भेटली होती. ज्यूल व्हर्न ह्या फ्रेंच लेखकाच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचे मराठी रूप 'केरळकोकिळ' मासिकाने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर छापले. त्याच व्हर्नच्या साहसकथा पुढे भा. रा. भागवतांनी मराठी मुलांसाठी लिहिल्या आणि फुरसुंगीचा फास्टर फेणे हा अस्सल मराठी वीरही त्यांनीच निर्माण केला. आजोबांच्या काळा पहाडाला जशी पूर्वजांची परंपरा आहे, तशीच नातवाच्या फास्टर फेणेलाही आहे, हे अशा शोधातून कळते.

इतक्या वाटा चालून झाल्यावर एखादे जुने पुस्तक प्रत्यक्ष हाती येते. तेव्हा अधीर वाचक एकदम गोष्टीला हात घालील. शोधक मात्र आधी पुस्तकाचे अंग निरखून पाहील. शीर्षकपृष्ठावर आणि त्यामागील पानावर प्रकाशकाचे व मुद्रकाचे नाव, आवृत्ती, वर्ष आणि किंमत छापलेली असते. मलपृष्ठावर किंवा शेवटच्या पानावर त्याच मालेतील इतर पुस्तकांची यादी असली, तर तो एक ठेवाच म्हणावयाचा. त्या यादीतील प्रत्येक नाव म्हणजे शोधाचा एक नवा धागा होय. आतल्या बाजूस ग्रंथालयाचा शिक्का आणि दाखल अंक असतो. देवघेवीच्या तारखांची चिठ्ठी शाबूत असेल, तर पुस्तक किती जणांनी आणि किती लगबगीने वाचले, हेही कळते. एखाद्या थोर ग्रंथाची चिठ्ठी कोरी आणि एखाद्या चिमुकल्या रहस्यकथेची चिठ्ठी तारखांनी भरलेली आढळली, तर त्या गावाच्या वाचनाविषयी ती पुष्कळ काही सांगून जाते.

अशी टिपणे वहीत कशीही लिहून ठेवू नयेत. प्रत्येक पुस्तकासाठी एक स्वतंत्र कागदाची पट्टी करावी. तिच्यावर लेखक, पुस्तक, प्रकाशक, गाव आणि वर्ष लिहून शेवटी 'ही माहिती कोठे मिळाली' हे अवश्य लिहावे. स्वतः पाहिलेल्या पुस्तकापुढे एक खूण आणि केवळ यादीत आढळलेल्या पुस्तकापुढे दुसरी खूण करावी. पाहिलेले आणि ऐकलेले ह्यांत भेद ठेवणे, हा शोधकार्याचा पहिला नियम आहे.

आता राहिला तिसरा प्रश्न: ती पुस्तके गेली कोठे? ह्याचे उत्तर मनाला थोडे चटका लावणारे आहे. ती पुस्तके वाचून वाचूनच नाहीशी झाली. त्यांचा कागद हलका होता, बांधणी कच्ची होती. एका हातातून दुसऱ्या हातात जाता जाता पाने सुटली, मुखपृष्ठे फाटली, आणि फाटलेले पुस्तक रद्दीत गेले. शिवाय पुष्कळ शहाण्या माणसांना ही पुस्तके जतन करण्याच्या योग्यतेची वाटली नाहीत. गंभीर ग्रंथांना कातडी बांधणी मिळाली; रहस्यकथांना ती कोण देणार? लोकांच्या प्रेमामुळे ती झिजली आणि विद्वानांच्या उदासीनतेमुळे हरवली. वास्तविक एखाद्या काळातील लोक कशाला भीत, कशाने चकित होत, न्याय कशाला म्हणत, हे समजण्यासाठी त्या काळातील आवडत्या गोष्टींसारखे दुसरे साधन क्वचितच मिळेल.

तरीही सारे संपलेले नाही. १८६७ च्या छापखानेविषयक कायद्याने प्रकाशित पुस्तकांच्या प्रती सरकारात देण्याची सक्ती केली होती आणि त्या पुस्तकांच्या याद्या दर तीन महिन्यांनी राजपत्रातून प्रसिद्ध होत. पुढे १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याने प्रत्येक नव्या पुस्तकाची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे आणि मुंबईसह इतर ठरावीक ग्रंथालयांकडे पाठवणे प्रकाशकांवर बंधनकारक केले. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून मराठी पुस्तके आणि मासिके जमवीत आले आहे. आपल्या गावात जे नाही, ते दुसरीकडे कोठेतरी असण्याची शक्यता म्हणूनच सदैव जिवंत असते.

राळेगावच्या मुलाला मुंबई दूर वाटेल, आणि ते साहजिक आहे. परंतु १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने ग्रंथालयांची एक साखळीच आखून दिली आहे. गावोगावची मान्यताप्राप्त वाचनालये, जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा ग्रंथालय, विभागाच्या ठिकाणी विभागीय ग्रंथालय आणि मुंबईस राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, अशी तिची रचना आहे. राळेगावी न मिळालेले पुस्तक यवतमाळला विचारावे, तेथून अमरावती किंवा नागपूरची वाट धरावी. प्रत्यक्ष जाणे न जमल्यास गावच्या ग्रंथपालांच्या मदतीने पत्र पाठवता येते. आता तर अनेक ग्रंथालयांच्या तालिका आणि कित्येक जुन्या ग्रंथांच्या प्रती संगणकावर घरबसल्या पाहता येतात. मात्र पत्र असो वा संगणक, प्रश्न नेमका असावा लागतो. "रहस्यकथांची माहिती पाठवा," ह्या पत्राला उत्तर देणे कठीण, "बाबूराव अर्नाळकर ह्यांची काळा पहाड मालेतील कोणती पुस्तके आपल्या संग्रही आहेत, आणि त्यांवर कोणते वर्ष छापले आहे?" ह्या पत्राला उत्तर देणे सोपे. भारतातील ग्रंथालयशास्त्राचे आद्य आचार्य शि. रा. रंगनाथन ह्यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी एक असे आहे, की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. नेमका प्रश्न विचारणारा वाचक पुस्तकाची अर्धी वाट स्वतःच चालून आलेला असतो.

काही आठवड्यांनी आपला नातू कागदाच्या पट्ट्यांचा जुडगा घेऊन आजोबांपुढे बसला आहे, असे डोळ्यांपुढे आणावे. तो एकेक पट्टी वाचतो. लेखकाचे नाव येताच आजोबा मांडीवर थाप मारून म्हणतात, "अर्नाळकर! बरोबर, अर्नाळकरच!" मग एकेका पुस्तकाचे नाव ऐकताना त्यांना कोठे शाळेचा ओटा आठवतो, कोठे पुस्तक देणारा सोबती आठवतो. कोणत्याही सूचीत न सापडणारी ही माहिती नातू नव्या पट्टीवर लिहून घेतो, आणि 'माहिती कोठे मिळाली' ह्या शब्दांपुढे जपून लिहितो: 'आजोबांकडून, राळेगाव.' खालच्या ओळीवर आजची तारीख घालण्यास तो विसरत नाही.